एकाच केबलमधून वीज आणि चित्र : कॅमेरे बसवण्यापूर्वी एवढे समजून घ्या

व्यापारी बंधूंनो, चकतीचा काळा टेलिफोन ज्यांनी वापरला आहे त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. मोहल्ल्यातील वीज जायची, पंखे बंद, माग बंद, सगळीकडे अंधार. पण फोन मात्र खणखणत असे. त्या फोनला विजेची वेगळी वायर नसायचीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मोठमोठ्या बॅटऱ्या असत, आणि ज्या दोन तारांतून आवाज येई त्याच तारांतून ४८ व्होल्टची वीजही आपल्या घरापर्यंत येई. आपली वीज गेली तरी एक्स्चेंजच्या बॅटऱ्या शाबूत, म्हणून फोन चालू.

आज आपल्या गाळ्यात, दुकानात, कारखान्यात जे नवे कॅमेरे, वायफायचे डबे आणि हजेरीची मशीन बसत आहेत, त्यांतील बरीचशी याच जुन्या युक्तीवर चालतात. संगणकाच्या जाळ्याची जी निळी किंवा करडी केबल असते, तिच्यातूनच चित्र जाते आणि तिच्यातूनच उपकरणाला लागणारी वीज येते. याला 'पॉवर ओव्हर इथरनेट' म्हणतात; बाजारात सगळे 'पी.ओ.ई.' एवढेच म्हणतात. कापडाच्या व्यापाऱ्याने या विषयावर का लिहावे, असे आपण विचाराल. कारण असे की, ही वस्तू न समजता घेतल्यामुळे एका निर्दोष माणसाची रोजी माझ्या हातून जाता जाता राहिली.

भिवंडीत आमचा ग्रे कापडाचा गाळा आहे. तेथे आम्ही आठ कॅमेरे बसवून घेतले. बसवणारा ओळखीचा होता, काम नेटके दिसत होते, दिवसा मोबाईलवर आठही चित्रे स्वच्छ येत. दोन महिन्यांनी मालाची मोजणी केली तेव्हा अकरा ताके कमी भरले. मेहताजींनी रेकॉर्डिंग काढले, तर मागचा दरवाजा आणि टेम्पो भरण्याची जागा या दोनच कॅमेऱ्यांचे चित्र रोज मगरिबच्या सुमारास तुटू लागलेले. दोन-तीन मिनिटे चित्र, मग काळोख, पुन्हा चित्र, पुन्हा काळोख. पहाटे उजाडले की सगळे सुरळीत. बाकीचे सहा कॅमेरे रात्रभर ठीक. आता आपणच सांगा, कोणाच्याही मनात काय येईल? रात्री गाळ्यावर रखवालदार एकटा. बंद पडतात ते नेमके मागच्या दरवाजाचे आणि टेम्पोच्या जागेचे कॅमेरे, आणि तेही रात्रीच. मेहताजी म्हणाले, "शेठ, यात समजायचे काय बाकी आहे?"

रखवालदार चाचा आमच्याकडे सतरा वर्षे आहेत. त्यांना बोलावून विचारले. ते एवढेच म्हणाले, "शेठ, त्या डब्याचे बटण कुठे आहे तेसुद्धा मला ठाऊक नाही." माझा विश्वास बसला नाही, हे कबूल करतो. महिन्याचा हिशेब करून त्यांना घरी पाठवायचे जवळजवळ ठरले होते. तेवढ्यात माझा भाचा, जो नेटवर्कचेच काम करतो, भेटायला आला. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, "मामू, चाचांना काही बोलू नका. आधी मला त्या डब्याची पाठ बघू द्या."

डब्याच्या पाठीवर काय निघाले ते पुढे सांगतो. ते समजण्यासाठी आधी ही वीज चालते कशी ते पाहावे लागेल.

केबलच्या आत काय असते

लॅनची केबल सोलली की आत आठ बारीक तारा दिसतात. त्या सुट्या नसतात, दोन-दोनच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो : नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. सुताच्या धंद्यातील माणसाला पिळाचे महत्त्व सांगायला नको. दुहेरी सुताला पीळ मजबुतीसाठी असतो. येथे तो यासाठी असतो की बाहेरून येणारा विजेचा गोंधळ जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि शेवटी आपोआप वजा व्हावा. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणजे एका जोडीचा निरोप शेजारच्या जोडीत शिरत नाही. म्हणूनच टोकाला प्लग बसवताना जो कारीगर दोन-तीन इंच पीळ उकलून ठेवतो, त्याने अर्धे काम बिघडवलेले असते.

आता मुख्य प्रश्न. ज्या तारेतून चित्र चालले आहे, तिच्यातूनच वीज गेली तर दोन्ही एकमेकांत मिसळत कसे नाहीत? आपण तराजूचे उदाहरण घेऊ. तराजूत आपण दोन पारड्यांमधला फरक बघतो. तोच तराजू दुकानाच्या टेबलावर ठेवला काय आणि उचलून माळ्यावर नेला काय, पारड्यांमधला फरक बदलत नाही. तारेच्या जोडीत निरोप जातो तो दोन तारांमधल्या फरकाच्या रूपाने. वीज देताना जोडीतील दोन्ही तारांना सारखाच दाब दिला जातो, म्हणजे अख्खा तराजूच वर उचलला जातो. फरक होता तेवढाच राहतो. दुसरी एक जोडी खालच्या दाबावर ठेवतात. एका जोडीतून वीज जाते, दुसरीतून परत येते. दोन्ही टोकांना लहानसे ट्रान्सफॉर्मर असतात. ते बदलता निरोप पुढे जाऊ देतात आणि स्थिर वीज मधल्या टोकातून बाजूला काढून उपकरणाच्या पोटाला देतात. शाळेत आम्ही विज्ञान उर्दूतून शिकलो, तेथे करंटला 'बर्की रौ' म्हणत. रौ म्हणजे प्रवाह. एका पात्रातून दोन प्रवाह न मिसळता वाहतात, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

दाब ४८ व्होल्टच्या आसपासच का ठेवतात, हेही पाहण्यासारखे आहे. समजा कॅमेऱ्याला सहा वॉट वीज लागते. बारा व्होल्टने ती द्यायची तर अर्धा अँपियर करंट लागतो. केबल लांब असेल आणि तिचा जाऊन-येऊन अडथळा दहा ओहम असेल, तर पाच व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बारा निघाले, सात पोहोचले. कॅमेरा चालणारच नाही. तीच सहा वॉट ४८ व्होल्टने दिली तर करंट लागतो केवळ अष्टमांश अँपियर, आणि वाटेत जातात सव्वा व्होल्ट. दाब चौपट केला की करंट चौथाई होतो आणि वाटेतली गळती सोळाव्या हिश्श्यावर येते. वीजमंडळाच्या तारा गावाबाहेरून हजारो व्होल्टने जातात त्याचे कारणही हेच. शिवाय हा दाब साठ व्होल्टच्या आत असल्याने घरगुती २३० व्होल्टसारखा जिवावरचा धोका नसतो. याचा अर्थ ओल्या हाताने खेळावे असा नाही.

आधी विचारणा, मग वीज

२००० साली सिस्को या अमेरिकन कंपनीने आपल्या टेलिफोनसाठी अशी वीज देणारी यंत्रे आणली. पण प्रत्येक कंपनी आपापली पद्धत चालवू लागली तर ग्राहकाचे हाल होतात. म्हणून आय.ई.ई.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने २००३ साली पहिले सार्वत्रिक मानक ठरवले, त्याचे नाव ८०२.३ ए.एफ. त्यानुसार डब्याच्या एका तोंडातून जास्तीत जास्त १५.४ वॉट निघतात आणि उपकरणाला १२.९५ वॉटची हमी मिळते. २००९ मध्ये ८०२.३ ए.टी. आले : निघताना ३०, पोहोचताना २५.५. २०१८ मध्ये ८०२.३ बी.टी. आले, त्यात चारही जोड्या वापरून ९० वॉटपर्यंत वीज निघते आणि ७१.३ पोहोचते.

हे अर्धवट आकडे कुठून आले, असे मला वाटत होते. भाच्याने कागदावर करून दाखवले. पहिल्या मानकात करंट ०.३५ अँपियर आणि केबलचा जास्तीत जास्त अडथळा २० ओहम धरलेला आहे. करंटला करंटने गुणून अडथळ्याने गुणले की वाटेतली गळती निघते : ०.३५ गुणिले ०.३५ गुणिले २०, म्हणजे २.४५ वॉट. १५.४ मधून ते वजा केले की बरोबर १२.९५. दुसऱ्या मानकात करंट ०.६ आणि अडथळा १२.५, गळती साडेचार वॉट, ३० वजा ४.५ म्हणजे २५.५. कापड रंगवून आणताना आपण जशी घट धरतो, तशी ही घट आधीच धरलेली आहे. दुकानदार डब्यावरचा मोठा आकडा दाखवतो. आपल्या कॅमेऱ्याला मिळणारा आकडा त्याहून कमी असतो.

मानकातली सर्वांत चांगली गोष्ट ही की, वीज देणारा डबा एकदम वीज सोडत नाही. भला माणूस दारावर दस्तक देऊन, इजाजत घेऊनच घरात पाऊल टाकतो, तसेच हे आहे. डबा प्रथम तीन ते दहा व्होल्टच्या दरम्यानचा अगदी कमी दाब देऊन पाहतो. पी.ओ.ई. उपकरणाच्या आत साधारण २५ हजार ओहमचा एक ठरावीक अडथळा ओळखीसाठी बसवलेला असतो. तो सापडला तर डबा समजतो की समोर वीज घेणारा आहे. मग थोडा जास्त दाब देऊन 'तुला किती हवी' हे विचारतो. उपकरण आपला वर्ग सांगते. त्यानंतरच पूर्ण वीज सुटते. समोर साधा संगणक असेल तर ओळख पटत नाही आणि वीज सुटतच नाही, म्हणून संगणक सुरक्षित. केबल काढून घेतली की करंट थांबतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत डबा त्या तोंडाची वीज बंद करतो.

पण बाजारात दुसराही एक प्रकार आहे, त्याला 'पॅसिव्ह' पी.ओ.ई. म्हणतात. छतावरच्या काही वायरलेस यंत्रांबरोबर जो छोटा अडॅप्टर येतो, तो बहुधा याच जातीचा, २४ व्होल्टचा असतो. तो कुणालाही विचारत नाही. समोर कोणीही असो, निळ्या आणि तपकिरी जोडीतून वीज सोडतो. आमच्या शेजारच्या दुकानात मुलाने अशा अडॅप्टरची दोन तोंडे अदलाबदल केली आणि बिलाच्या संगणकाचे नेटवर्कचे तोंड कायमचे गेले. दोन्ही तोंडे दिसायला एकसारखी, एकावर पी.ओ.ई. लिहिलेले आणि दुसऱ्यावर लॅन, तेही मुंगीएवढ्या अक्षरात. असा अडॅप्टर आपल्याकडे असेल तर पी.ओ.ई.च्या तोंडावर आजच लाल चिकटपट्टी लावून ठेवा.

डब्याच्या पाठीवरची बारीक ओळ

आता आमच्या गाळ्यातल्या डब्याकडे वळू. या वीज देणाऱ्या डब्याला पी.ओ.ई. स्विच म्हणतात. आमच्या स्विचच्या पुढच्या बाजूला ठळक लिहिले होते : आठ तोंडे, प्रत्येकी ३० वॉट. कोणीही गुणाकार करील, आठ त्रिक चोवीस, म्हणजे २४० वॉट. भाच्याने डबा उलटा करून बॅटरीच्या उजेडात पाठीवरची बारीक ओळ वाचली : एकूण ६० वॉट. म्हणजे कोणत्याही एका तोंडाला तीसपर्यंत मिळेल, पण सगळ्यांना मिळून साठच. भोजनालयात पाटी असते 'पोटभर जेवण', पण भगोण्यात भात साठ माणसांचाच, तशातला प्रकार.

मग त्याने कॅमेऱ्यांच्या कागदावरचे आकडे घेतले. सहा साधे कॅमेरे दिवसा चार-चार वॉट खातात, दोन मोठे पाच-पाच. एकूण ३४. साठमध्ये आरामात बसते. पण अंधार पडला की प्रत्येक कॅमेरा आपल्या डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे लावतो. साध्या कॅमेऱ्याचा खप साडेआठवर जातो, मोठ्याचा अकरावर. सहा गुणिले साडेआठ ५१, दोन गुणिले अकरा २२, एकूण ७३. डब्यात आहेत साठ. तेरा वॉटची तूट आली की डबा कोणाला तरी उपाशी ठेवणार. बहुतेक स्विचांत पहिल्या क्रमांकाच्या तोंडाला मान पहिला आणि शेवटच्याला शेवटचा. आमच्याकडे मागचा दरवाजा आणि टेम्पोची जागा हे दोन मोठे कॅमेरे सातव्या आणि आठव्या तोंडावर होते. आठवा कापला तरी खप ६२ राहतो. मग सातवाही कापला, खप ५१ वर आला, डबा शांत झाला. शिल्लक दिसताच त्याने सातव्या-आठव्याला पुन्हा वीज दिली. कॅमेरे सुरू झाले, चित्र आले. अंधार पाहून त्यांनी दिवे लावले. पुन्हा तूट, पुन्हा काळोख. रात्रभर हाच खेळ.

मगरिबचा वेळ, मागचा दरवाजा, टेम्पोची जागा. आम्ही ज्याला कारस्थान समजत होतो, ती १३ वॉटची तूट होती. भाच्याने भर दुपारी गाळ्याची शटरे ओढली, दिवे घालवले आणि पाच मिनिटांत सातवा-आठवा कॅमेरा आमच्या सर्वांच्या डोळ्यांदेखत बंद करून दाखवला. चाचा तेथेच उभे होते. एकूण १२० वॉटचा स्विच आणला, त्याची जास्तीची किंमत एका ताक्याइतकीही नव्हती. अकरा ताक्यांचा पत्ता तीन आठवड्यांनी लागला. रंगाईसाठी पाठवलेला माल परत येताना ते तिकडेच दुसऱ्या पार्टीच्या लॉटमध्ये राहिले होते आणि आमच्याकडे चलन न मोजता सही झाली होती. सही माझीच होती. चाचांची माफी मागायला मी त्यांच्या घरी गेलो. ते काही बोलले नाहीत, चहा पाजला. आजही ते आमच्याकडेच आहेत, पण पूर्वीसारखे मोकळेपणाने बोलत नाहीत.

तेव्हा स्विच घेताना तोंडे किती, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न एकूण वॉट किती. कॅमेऱ्याच्या कागदावरचा दिवसाचा नव्हे, दिवे लागल्यावरचा, म्हणजे जास्तीत जास्त खपाचा आकडा घ्यावा, सगळ्यांची बेरीज करावी आणि वर पाव हिस्सा शिलकीत ठेवावा. आणखी एक बारकावा आहे. काही स्विच प्रत्यक्ष खप न पाहता उपकरणाने सांगितलेल्या वर्गाप्रमाणे वीज राखून ठेवतात. कॅमेरा खाणार आठ वॉट, पण त्याच्या नावावर १५.४ राखले जातात. असे आठ कॅमेरे म्हणजे १२३ वॉट झाले, आणि १२० च्या डब्यावर आठवा कॅमेरा दिवसासुद्धा सुरू होणार नाही. महत्त्वाच्या जागेचा कॅमेरा, म्हणजे गल्ला, तिजोरी, मागचा दरवाजा, हा पहिल्या तोंडांवर घ्यावा.

तांबे की मुलामा

आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी कापडाचा धागा ओढून काडीने जाळून पाहिला असेल. सुती असेल तर कागदासारखा वास आणि राख. पॉलिस्टर असेल तर वितळून कडक गोळी. केबलच्या बाजारातही मिसळीचा माल आहे, आणि तो खऱ्या नावाने क्वचितच विकला जातो. तार आतून ॲल्युमिनियमची असते आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. खोक्यावर मोठ्या अक्षरात कॅट-६; आणि सी.सी.ए. ही तीन अक्षरे एखाद्या कोपऱ्यात, किंवा तीही नाहीत. नुसते चित्र पाठवायचे असेल तर थोड्या अंतरावर ती चालून जाते. वीज पाठवायची म्हटले की तिचे पितळ उघडे पडते. तिचा अडथळा शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट. गळती तेवढ्याच पटीने जास्त, केबल तापते आणि लांबचा कॅमेरा रात्री दिवे लागताच धडपडू लागतो. वाकवल्यावर ती तुटतेही लवकर. लॅन केबलच्या मानकांत या तारेला जागाच नाही.

ओळखणे सोपे आहे. ब्लेडने तार खरवडा; आतून पांढरी चमक दिसली तर मुलामा. बारीक तार लायटरच्या ज्योतीत धरा. तांबे लाल होईल पण टिकेल, कारण ते १०८५ अंशांना वितळते. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळते, म्हणून मुलाम्याची तार लवकर मान टाकते. आणि ३०५ मीटरचे खोके हातात घेतल्याबरोबर हलके लागले तर दुकानदाराला तिथेच विचारा. तारेच्या जाडीबाबत एक गंमत सुतवाल्यांना लगेच कळेल. जसे ४० काउंटचे सूत २० काउंटपेक्षा बारीक, तसेच तारेच्या गेजचे. २६ गेज बारीक, २४ त्याहून जाड, २३ आणखी जाड. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असे समजू नये. वीज लांब न्यायची तर शुद्ध तांब्याची २३ किंवा २४ गेजची केबल घ्यावी.

अंतराची मर्यादा १०० मीटर आहे, दोन्ही टोकांच्या छोट्या केबल धरून. काही स्विचांवर 'एक्स्टेंड' नावाचे बटण असते आणि अडीचशे मीटरचा दावा असतो. त्यात वेग उतरवून दहा मेगाबिटवर आणतात आणि विजेची गळती तर अंतराबरोबर वाढतेच. नाइलाज असेल तर करावे, सवय म्हणून करू नये.

कारखानदार आणि कारीगरांसाठी

यंत्रमागाच्या कारखान्यात दोन गोष्टींचा त्रास जास्त. एक, रुईचा भुरका. तो स्विचच्या जाळीवर बसतो, आतली हवा कोंडते आणि वीज देणारा स्विच तसाही तापतो. त्याला बंद पेटीत, पण हवा खेळेल अशा जागी, माग जिथे चालतात त्या हॉलबाहेर ठेवावे आणि मागांच्या साफसफाईबरोबर त्याचीही करावी. दुसरे, मोटारींची तीन फेजची वायर. लॅन केबल तिच्याबरोबर एकाच पट्टीत बांधून नेऊ नये. फूटभर अंतर सोडावे, आणि ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडावे.

पावसाळ्याचे वेगळे सांगतो. गाळा एका इमारतीत आणि ऑफिस समोरच्या इमारतीत असेल, तर मधे तांब्याची केबल उघड्यावरून ओढू नये. वीज जवळपास जरी कडाडली तरी तिचा झटका त्या केबलमधून दोन्हीकडच्या यंत्रांत शिरतो. दोन इमारतींमध्ये काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची केबल टाकावी आणि दोन्ही बाजूंना आपापले स्विच ठेवावेत. फायबरमधून वीज जात नाही. ना कामाची, ना आभाळाची.

जुने गोल तोंडाच्या केबलवर आणि डी.व्ही.आर.वर चालणारे कॅमेरे अजून अनेक दुकानांत आहेत. ते या पद्धतीचे नाहीत. चौकोनी प्लगचे, एन.व्ही.आर.वर चालणारे कॅमेरेच पी.ओ.ई. घेतात, आणि तेही सगळे नाही. कागद पाहून घ्यावा. नेटवर्कचा कॅमेरा आहे पण वीज केबलमधून घेत नाही, अशा वेळी 'स्प्लिटर' नावाचा छोटा तुकडा मिळतो. तो कॅमेऱ्याजवळ ४८ व्होल्टचे बारा करून वेगळ्या पिनेने देतो.

काळ्या फोनचा फायदा येथे पुन्हा मिळतो. पूर्वी प्रत्येक कॅमेऱ्याजवळ प्लग लागे, वीज गेली की सगळे आंधळे. आता सर्वांची वीज एका स्विचमधून निघते, म्हणून एकच यू.पी.एस. स्विच आणि एन.व्ही.आर.ला लावला की सगळे कॅमेरे जागे राहतात. मात्र हिशेब येथेही करावा. लहान यू.पी.एस.मध्ये बारा व्होल्ट, सात अँपियर-तासाची बॅटरी असते, म्हणजे ८४ वॉट-तास. रात्रीचा खप ७३ आणि एन.व्ही.आर.चे पंधरा-वीस धरले तर कागदावर तास पुरा भरत नाही, प्रत्यक्षात अर्धा तास मिळाला तरी नशीब. भारनियमन दोन तासांचे असेल तर मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टरच हवा. शिवाय एकच दोरी सगळ्यांना बांधली आहे हेही ध्यानात ठेवावे. स्विच बंद पडला तर आठही कॅमेरे एकदम जातात.

आपल्या मुलांसाठी यात चांगला हुनर आहे. प्लग बसवण्याचा पंच, केबल तपासायचा टेस्टर आणि एक मल्टिमीटर एवढ्यावर सुरुवात होते. फक्त दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्यात : स्विचच्या प्रत्येक तोंडावर आणि केबलच्या दोन्ही टोकांवर जागेचे नाव चिकटवणे, आणि चालू विजेवर प्लग उगीच काढघाल न करणे, कारण ठिणगीने त्याचे सोनेरी दात जळतात.

आणि ज्यांना काम करून घ्यायचे आहे त्यांनी पैसे चुकते करण्याची वेळ ठरवावी. आम्ही दुपारी तीन वाजता आठ चित्रे पाहून पैसे दिले होते. आता दुसऱ्या गाळ्याचे काम झाले तेव्हा बसवणाऱ्याला सांगितले की, मगरिबनंतर ये. दिवे घालवले, सगळे कॅमेरे अंधारात अर्धा तास चालू ठेवले, मग मुख्य वीज बंद करून यू.पी.एस.वर किती वेळ टिकतात ते घड्याळ लावून पाहिले. एक कॅमेरा बंद पडला. केबल खरवडली, आत पांढरी निघाली. त्याने ती रात्रीच बदलून दिली आणि पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी घेतले.